कशावर चालतं?

झाडाचं नाव कळलं की मराठी माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हे कशावर चालतं?" फूल कधी येतं, पक्षी कोणते बसतात, सावली दाट पडते का, हे प्रश्न नंतरचे, आणि बऱ्याचदा ते येतच नाहीत. आधी आजार. समोरच्याने "पोटावर" म्हटलं की आपल्या चेहऱ्यावर समाधान पसरतं आणि हात आपोआप पानाकडे जातो. "कशावर नाही हो, नुसतंच झाड आहे" असं उत्तर आलं, तर त्या झाडाची इज्जत तिथल्या तिथे उतरते. आमच्या सासूबाई तर गुलमोहराकडे देखण्या पण बेकार जावयाकडे बघावं तशा बघतात. दिसतो छान, पण उपयोग काय?

आजारांची आपल्याकडे वानवा नाही, त्यामुळे झाडांनाही काम कमी पडत नाही. खोकल्याला अडुळसा, सुजेला निर्गुडी, बाळाच्या पोटाला वेखंड, केसांना माका. लिफ्टमध्ये चारजण असले आणि एकाने नुसता गुडघा चोळला, तरी तळमजला येईपर्यंत दोन पाले आणि एक तेल सुचवून झालेलं असतं. चौथा माणूस काही सुचवत नाही. तो फक्त विचारतो, "सकाळी अनशापोटी ना?"

असल्या मंडळींच्या सोसायटीत औषधी वनस्पतींची बाग निघाली नसती तरच नवल होतं.

आम्ही राहतो ठाण्यात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू. वर पाटोणपाडा, जांभूळपाडा असे पाडे आहेत. वारली, ठाकर, महादेव कोळी अशी मंडळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. बिल्डरने जाहिरातीत "निसर्गाच्या कुशीत" असं छापलं होतं. त्या कुशीत आधीपासून कोण होतं, ते काही छापलं नव्हतं.

इमारतीच्या मागे एक मोकळी पट्टी होती. तिचं काय करायचं यावर वार्षिक सभेत बरीच गरमागरमी झाली. बहुमत पार्किंगच्या बाजूने होतं. पण तिथे गाडी वळतच नाही हे एकाने प्रत्यक्ष बंपर घासून सिद्ध केलं, आणि मग पर्यावरणप्रेम एकमताने मंजूर झालं. बागेला नाव द्यायचं ठरलं 'आदिवासी औषधी वनस्पती उद्यान'. उद्घाटनाला 9 ऑगस्ट. संयुक्त राष्ट्रांनी 1994 साली हा दिवस जागतिक आदिवासी दिन म्हणून ठरवला, आणि श्रावणात भाजीवाल्यापासून कृषिखात्यापर्यंत सगळ्यांना रानभाज्या आठवत असतात, त्यामुळे तो जमूनही येतो. कुंपणाच्या भिंतीवर सुट्टीतल्या चित्रकलावर्गाच्या मुलांनी वारली चित्रं काढली: तारप्याभोवतीचा फेर, भातलावणी, विहिरीवरच्या बायका आणि एका कोपऱ्यात मेट्रो.

रोपं आली, आळी झाली, आणि मग आल्या पाट्या. आमच्याकडे कुठल्याही कार्याचा आत्मा पाटीत असतो. प्रत्येक पाटीवर चार ओळी: नाव, शास्त्रीय नाव, उपयोग आणि सौजन्य. सौजन्याची अक्षरं सगळ्यात मोठी. कोरफडीचं सौजन्य एका दंतवैद्यांचं, गवती चहाचं केबलवाल्याचं. ब्राह्मीच्या पाटीवर वर "स्मरणशक्तीसाठी" आणि खाली "कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ". ब्राह्मीवरून दोन तटही पडले. गोल पानांची खरी की बारीक, मांसल पानांची खरी? पहिली म्हणजे मंडूकपर्णी, दुसरी ती ब्राह्मी, असं एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी पुस्तक आणून दाखवलं. त्यावर दोन्ही लावल्या आणि दोन्हींना तीच पाटी दिली. सहकारी गृहनिर्माण चळवळ अशीच टिकली आहे.

उपयोगाची ओळ मात्र वाचण्यासारखी होती. मधुमेह, सांधेदुखी, रक्तशुद्धी, रोगप्रतिकारशक्ती. बागेतल्या निम्म्याअधिक झाडांवर हीच चौकडी फिरून फिरून येत होती. सगळ्यात लोकप्रिय ठरलं इन्शुलिनचं झाड. सकाळी फिरायला येणारी मंडळी जाता जाता त्याचं एकेक पान तोडून चावत. पानं संपल्यावर लोकांनी कोवळ्या काड्यांकडे मोर्चा वळवला. शेवटी उरली ती पाटी आणि तिच्या शेजारी हिरवट रंगाचा एक खुंट. बागेतलं सगळ्यात गुणकारी झाड आमच्या गुणग्राहकतेने मेलं.

उद्घाटनाला प्रमुख पाहुण्या कोण, हा प्रश्न सोपा होता. गेटबाहेरच्या फुटपाथवर जूनपासून रानभाज्या घेऊन बसणाऱ्या येऊरच्या मावशी. गेटवर "फेरीवाले व विक्रेते यांना प्रवेशास सक्त मनाई" अशी पाटी आहे. तिच्याखालून वॉचमनने त्यांना अदबीने आत आणलं. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, फोटो. बरोबर त्यांची अकरावीतली नात होती. भाषणं संपल्यावर मावशी बाग बघायला निघाल्या. नात पाट्या वाचून दाखवत होती आणि मी मागे मागे.

"अडुळसा. खोकला, दमा यांवर उपयुक्त," नातीने वाचलं.

"आणि?" मावशी म्हणाल्या.

"संपलं."

पुढचं आळं. "निर्गुडी. सूज, संधिवात."

"आणि?"

"एवढंच आहे गं आजी."

असं चार-पाच आळ्यांपुढे झालं. मग मावशींनी एकदा सगळ्या पट्टीवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "ताई, तुमच्यात सगळीच आजारी आहेत का?"

मला हसू आलं. पण त्यांचं ते "आणि?" मात्र डोक्यातून जाईना. पाटीवर काय राहिलं होतं? म्हणून पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर शेवळं आली तेव्हा मी त्यांच्यासमोर फतकल मारून बसले. शेवळं ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाहीत त्यांनी ती एकदा बघावीत: जमिनीतून थेट वर आलेला, तपकिरी-जांभळट आवरणात गुंडाळलेला सुरणाच्या भाईबंदातला कोंब. सीकेपी घरांत त्याच्यासाठी जीव टाकतात. मी जुडी उचलली. मावशींनी ती माझ्या हातातून परत घेतली आणि बरोबर मूठभर हिरवी काकडं ठेवली, आवळ्याहून लहान, आंबटढाण. मग सांगायला लागल्या. हाताला तेल लाव. आतला पिवळा भाग काढून टाक, तो खाजतो. काकडं ठेचून त्यांचा रस घाल. काकडं नसली तर चिंच, पण आंबट हवंच. घाईने शिजवू नको. आणि घशाला खाज आली तर माझ्या नावाने ओरडू नको.

एका जुडीबरोबर किती तरी "नको" आले होते. भाजी घ्यायची तर ते घ्यावेच लागत होते, त्यांचे पैसे वेगळे नव्हते. आमच्या बागेतल्या पाटीवर शेवळं असती तर लिहिलं असतं, "पचनास उत्तम. सौजन्य: अमुक ज्वेलर्स." आणि अख्ख्या सोसायटीचे घसे एकाच दिवशी खाजले असते.

आदिवासींच्या झाडपाल्याबद्दल आपण बोलतो तेव्हा सगळा भर उपयोगावर असतो. पण त्यांच्याकडचं निम्मं शहाणपण मनाईत आहे. कवळीची गोष्ट घ्या. पावसाच्या सुरुवातीला उगवणारी ही गवतासारखी लांब पानांची भाजी. कुठे कवळी, कुठे कुलू, कुठे फोडशी, गावागणिक नाव वेगळं. बाजारात शक्तिवर्धक म्हणून भारी भावाने विकल्या जाणाऱ्या सफेद मुसळीच्याच जातकुळीतली ही. त्या मुसळीच्या शास्त्रीय नावात चक्क बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलियानम, कारण तिची शास्त्रीय ओळख बोरिवलीच्या जंगलातून झाली. बोरिवलीला जलद गाडी थांबते एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ही गोष्ट अभिमानाने नोंदवून ठेवावी. तर वारली घरांत कवळी उगवली म्हणून कुणी ती लगेच खुडत नाही. पाड्यावर दिवस ठरतो, पहिली भाजी देवाला दाखवतात, मग माणसांनी खायची. तोवर डोळ्यांसमोर डोलत असली तरी हात लावायचा नाही. आणि खातात ती पानं. कंद जमिनीतच राहतो, म्हणून पुढच्या पावसात पुन्हा भाजी. शक्तिवर्धकवाल्यांना हवा असतो नेमका कंद.

देवराईचंही तेच. प्राध्यापक माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून बघितल्या. तेव्हा आजूबाजूचे डोंगर बोडके होऊनही या राया दाट राहिलेल्या त्यांना दिसल्या. कारण साधं होतं. कितीतरी देवरायांत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक होता. भिंतीवरच्या ज्या वारली चित्रांसमोर आम्ही सेल्फी काढले, तीसुद्धा मुळात लग्नाच्या चौकाची, सवाशणींनी लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर काढायची. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, जगभर नेली, 2011 साली पद्मश्री मिळवली. त्यानंतर आपण ती रांजणापासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत बारमाही केली. केव्हा नाही, कुठे नाही, हा भाग गळला. उपयोग तेवढा उरला.

मनाई गळली की काय होतं ते गुळवेलीने आपल्याला शिकवलं. गुळवेल काही ऐरीगैरी वेल नाही. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला होता. डहाणूकर बाईंचं विशेष हे, की प्रयोगशाळेत त्या झाडाला कठोर प्रश्न विचारत आणि घरी येऊन त्याच झाडावर लळ्याने ललित लिहीत. पण 2020 साली करोना आला आणि गुळवेलीला प्रश्न विचारणं बंद झालं. आमच्या परिसरातल्या प्रत्येक कडुनिंबावरचा प्रत्येक वेल ओरबाडला गेला. काढ्याचं प्रमाण "चांगला ग्लासभर", मुदत "करोना जाईपर्यंत". 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. वनस्पती नक्की कोणती होती हे आधी नीट तपासायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीपासून सावध राहा, असंही सांगितलं गेलं. भांडण कुणी जिंकलं ते बाजूला ठेवू. दोन्ही बाजू शेवटी त्याच प्रश्नांवर आल्या: कोणती, किती, किती दिवस, कुणाला नको? मावशींच्या "आणि?"मध्ये हे चारही होते.

झाडाच्या बाजूने बघितलं तर "कशावर चालतं?" हा प्रश्नच अपशकुनी आहे. सह्याद्रीत नरक्या नावाचं एक झाड आहे. त्याचा वास त्याच्या नावाला शोभेसा. शतकानुशतकं त्याच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. 1966 साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. त्यातून पुढे कर्करोगावरची औषधं निघाली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. टॅक्सॉल या दुसऱ्या मोठ्या औषधाच्या शोधातही त्यांचा वाटा आहे. एवढ्या थोर माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मी कधी वाचलं नाही. तर तेच द्रव्य पुढे नरक्यातही सापडलं. कर्करोगावर चालतं, हे कळायचा अवकाश, नरक्या ट्रक भरभरून जंगलाबाहेर जायला लागला, तोड झाली, तस्करी झाली. माणसाला जीवदान देणारा शोध झाडाच्या मुळावर आला. त्यात शोधाचा दोष नाही. उपयोग कळला, मनाई ठरली नव्हती.

पाटीवरची दुसरी गोची सौजन्याच्या ओळीत होती. झाडाचे गुण सांगितले कुणी, हे तिथे कुठेच नव्हतं. ही खोड जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधींवरचं आपलं पुस्तक 1563 साली गोव्यात छापलं. सगळं पुस्तक संवादात आहे. ओर्ता आणि त्याचा पाहुणा झाडांवर विद्वत्तापूर्ण चर्चा करतात, आणि मधूनच ओर्ता हाक मारतो, अंतोनिया, जरा ते आण बघू. ती घरातली दासी. ती जाते, नेमकी वनस्पती आणते, आणि चर्चा पुढे चालू होते. पणजीच्या नगरोद्यानाला ओर्ताचं नाव आहे. अंतोनियाच्या नावाचं काही माझ्या पाहण्यात नाही. शंभरेक वर्षांनी मलबारातल्या डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मात्र जरा मोकळा हात दाखवला. त्याच्या 'होर्तुस मलबारिकुस' या बारा खंडी ग्रंथात इट्टी अच्युतन या वैद्याचं नाव छापलं आहे आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचं 1675 सालचं प्रमाणपत्र चक्क नागरी लिपीत आहे. सौजन्याची ओळ अशी असते.

अलीकडची हळदीची कथा तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. 1995 साली हळदीने जखम भरते या 'शोधा'चं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते लढवून 1997 मध्ये रद्द करवलं. आपण फटाके वाजवायचेच बाकी ठेवले होते. पण त्या लढाईतली एक गंमत बोचते. पुरावा म्हणून संस्कृत ग्रंथ चालले, 1953 सालचा वैद्यकीय मासिकातला लेख चालला. कापलेल्या बोटावर हळद दाबून "काही होत नाही, रडू नको" म्हणणाऱ्या कोट्यवधी आज्यांची तोंडी साक्ष मात्र कायद्याला पुरेशी नव्हती. छापलेलं असेल तर ज्ञान, बोललेलं असेल तर गप्पा. मग ज्यांचं सगळंच बोललेलं आहे, त्यांनी काय करायचं? 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं, ते याच कारणाने. आणि वाटा देता येतो हे केरळात करून दाखवलंय. अगस्त्य डोंगरात 1987 साली शास्त्रज्ञांचे वाटाडे म्हणून चाललेले काणी आदिवासी एक फळ चघळत होते आणि दमत नव्हते. शास्त्रज्ञ दमले होते, म्हणून चौकशी झाली. बाहेरच्यांना ते सांगायचं नव्हतं, तरी अखेर सांगितलं. त्या आरोग्यपच्चापासून 'जीवनी' नावाचं औषध झालं, आणि त्याच्या परवान्याच्या पैशातला आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा काणींच्या ट्रस्टला देण्याचं ठरलं.

हे सगळं मी एकदा मावशींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, एक क्रोसिन आहे का? काल रात्रीपासून कणकण आहे."

मी जरा नाराज झाले. निदान काढा तरी मागायचा! मावशींच्या ते लक्षात आलं असावं. "पाल्याला दोन दिस घरी बसावं लागतं," त्या म्हणाल्या. "गोळी घेतली की धंदा चालतो." ज्ञान जपावं, परंपरा टिकवावी, हे आम्ही वातानुकूलित सभागृहात ठरवतो. ते टिकवायला लागणारी दोन दिवसांची पगारी रजा मात्र कुणी मंजूर करत नाही. त्यांचे दीर पाड्यावरचे भगत आहेत. त्यांना ठाऊक असलेलं सगळं ते वहिनीलाही सांगत नाहीत, मग आम्हाला कुठलं. नातीला फार्मसीला जायचंय. मला ते ऐकून बरं वाटलं. आजीच्या "आणि?"ला उत्तर देणारं घरातच कुणी तयार होतंय म्हणायचं.

माळ्याचं आणखी निराळं. त्याला हुकूम होता, पाटी असेल ते राखायचं, पाटी नसेल ते उपटायचं. पावसाने बागेत बिनपाटीची गर्दी केली: टाकळा, आघाडा, भुईआवळी, घेटुळी. त्याने सगळी साफ करून गेटबाहेर ढीग घातला. त्यातला कोवळा टाकळा मावशींनी निवडून घेतला, नीट जुड्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी फुटपाथवर मांडल्या. आमच्या सेक्रेटरींनी दोन जुड्या घेतल्या आणि भाजी फार चविष्ट झाल्याचं जिन्यात सांगितलं. आमच्याच बागेतून हाकललेली वनस्पती आम्हाला विकत मिळाली, आणि अर्थशास्त्राच्या कुठल्याही नियमात यात काही चूक नव्हती.

पाट्या सुधाराव्यात असा ठराव मी त्याच सुमारास मांडला. प्रत्येक झाडाच्या पाटीवर 'उपयोग' या ओळीखाली 'केव्हा नको' अशी एक ओळ असावी, ती मावशींना आणि सोसायटीतल्या वैद्यबाईंना विचारून लिहावी, आणि सौजन्याच्या जागी सांगणाऱ्याचं नाव टाकावं. समितीत चर्चा झाली. एकाने शंका काढली, "केव्हा नको वाचून लोक घाबरतील आणि बागेत येणं बंद करतील." दुसऱ्याने सांगितलं, "न वाचता आलेलेच जास्त घातक असतात. इन्शुलिनच्या झाडाला विचारा." खजिनदारांचा प्रश्न मूलभूत होता: मावशींना द्यायचे पैसे कोणत्या खात्यात दाखवायचे? बागकाम म्हणावं तर त्या खुरपं धरणार नाहीत. सांस्कृतिक कार्यक्रम म्हणावं तर त्या नाचणार नाहीत. गळतीवाल्या माणसाला नुसतं छताकडे बघून जाण्याचे पैसे आम्ही 'सल्लागार शुल्क' म्हणून देतो, हे कुणीतरी आठवून दिल्यावर त्यांचा चेहरा उजळला. खतावणीत खातं तयार होतं, फक्त त्यात माणूस बदलायचा होता.

मावशींना विचारायला आम्ही तिघं गेलो. शुल्काचा आकडा ऐकून त्यांनी मान डोलावली. आढेवेढे घेतले नाहीत, हे मला आवडलं. मग म्हणाल्या, "पैसे द्या. पण आधी मला पावसात बसायला जागा द्या. तुमच्या गेटच्या छपराखाली."

आता आली पंचाईत. आमच्या आख्ख्या सोसायटीत, बाग धरून, मनाई लिहिलेली एकच पाटी होती, ती गेटवर, आणि ती नेमकी मावशींसाठी होती. ज्यांच्या नावाने उद्यान उभारलं, वर्षातून एकदा ज्यांच्या खांद्यावर शाल टाकली, त्यांना उरलेले दिवस त्याच पाटीने फुटपाथवर ठेवलं होतं. हे कुणाच्या मनात वाईट होतं म्हणून झालं नव्हतं. एका ठरावाने बाग केली होती, दुसऱ्या ठरावाने गेट बंद केलं होतं, आणि दोन ठरावांची गाठ कुणी घालून दिली नव्हती. सभेत तीन तास वाद झाला. आज रानभाजी, उद्या नायटी विकणारे येतील, अशी भीती एकाने घातली. नायटीच्या बाजूनेही दोन सदस्या होत्या. शेवटी "रानभाज्या वगळून" असे दोन शब्द मनाईच्या पाटीवर रंगाने लिहिण्याचं ठरलं. ज्याने लिहिले त्याच्या हाती ब्रश जाड होता, त्यामुळे दुरून तेवढेच दोन शब्द वाचता येतात आणि बरेच जण ती भाज्यांवरची बंदी समजतात.

बागेच्या नव्या पाट्या झाल्या आहेत. त्या लांबलचक आहेत, वाचायला थांबावं लागतं, आणि सकाळी फिरणाऱ्यांचा वेग त्यामुळे मंदावला, अशी तक्रार रीतसर नोंदवली गेली आहे. काही रोपांपुढे मावशींनी उपयोग सांगायचं साफ नाकारलं. "हे माझं नाही, दिराचं आहे," एवढंच म्हणाल्या. तिथे पाटीवर फक्त नाव आहे. सगळ्यात जास्त गर्दी त्याच आळ्यांसमोर असते.

मावशी आता गेटच्या छपराखाली बसतात. परवा सेक्रेटरींनी कुठूनसं कवळीबद्दल वाचलं आणि टोपलीपाशी येऊन म्हणाले, "मावशी, उद्या कवळी आणा. दुप्पट भाव देतो."

"अजून दिवस ठरला नाही," मावशी टाकळ्याची जुडी बांधता बांधता म्हणाल्या.

"तिप्पट."

"दिवस ठरला नाही दादा. ठरला की आणते. भाव नेहमीचाच."

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. एका भाजीसाठी थांबायची वेळ त्यांच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली असावी. "कमाल आहे," ते म्हणाले, "आमच्याच गेटात बसून आम्हालाच मनाई!"